समुद्राची खोली

ज्या दिवशी समुद्राच्या खोलीचं चित्रीकरण होतं, त्या सकाळी आत्या स्वयंपाकघरात आल्या, स्वतःचा कप स्वतः विसळला आणि वहिनीला म्हणाल्या, "आज मला त्या खोलीत बसवणार ना? आज मी आईचं खरं काय ते सांगून टाकणार."

वहिनीच्या हातात चहाचं पातेलं होतं. ते तिनं जपून खाली ठेवलं.

"खरं म्हणजे, आत्या?"

"तू समोर बस. तू तर ऐकायलाच हवंस. इतकी वर्षं लोकांना सगळं तूच सांगत आलीस."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. त्यांचे कपडे आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवलेले होते, हे वहिनीनं पाहिलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, कॅमेऱ्यासमोर नीट दिसायचं म्हणून असेल.

खरंच इतकी वर्षं तीच सांगत होती. दर रविवारी दुपारी हे घर लोकांना पाहायला खुलं असे, आणि पाहुण्यांना हिंडवायचं काम लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी तिच्यावर सोपवलं होतं. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत; आत्या त्यांच्या थोरल्या बहीण. "माझा आवाज आता बसला. तुझ्या बोलण्यात गोडवा आहे," असं म्हणून त्यांनी तिला एकेक खोली समजावून दिली होती.

बाहेरून पाहिलं तर घरात काही विशेष नव्हतं. रस्त्यावरच्या इतर घरांसारखंच एक घर, दोन पायऱ्या आणि एक दार. पण दार उघडलं की माणूस आत न येता पुन्हा बाहेर गेल्यासारखा चक्रावायचा. आतला बोळ म्हणजे एक रस्ताच होता. दोन्ही भिंतींवर दुकानं, दिव्याचे खांब, झाकण अर्धवट उघडं राहिलेली टपालपेटी, खिडकीत मान घालून बसलेला घड्याळजी, सगळं रंगवलेलं. मधली खोली म्हणजे रेल्वे स्टेशन. तिथे खरा बाक, खोटं घड्याळ आणि लांब जाणारे रूळ. जिन्यावर बाग. आणि सगळ्यात मागे समुद्र, तीन भिंती आणि छत व्यापून राहिलेला. अण्णांच्या वडिलांनी हे सगळं रंगवलं होतं, बाहेरचा वारा न सोसणाऱ्या बायकोसाठी, असं वहिनी पाहुण्यांना सांगायची. ते नाटकाचे पडदे रंगवायचे. गावानं घराचं नाव ठेवलं होतं 'आतलं गाव'.

आणि वहिनीच्या नणंदेनं, घरातल्या धाकटीनं, आता या आतल्या गावावर माहितीपट काढायला घेतला होता. कित्येक वर्षं ती दुसऱ्यांच्या घरांवर, दुसऱ्यांच्या आयुष्यांवर सिनेमे करत हिंडली. हा पहिला स्वतःच्या घरावर. तिच्याबरोबर एक जाडजूड कॅमेरामन होता, तो रंगाला धक्का लागू नये म्हणून बोळातून आडवा चालायचा. आणि ध्वनी टिपणारी एक अबोल बाई होती. तिनं पहिल्या दिवशीच घरातले पंखे आणि फ्रिज बंद करायला लावले होते. फ्रिज बंद केला की ती आपल्या गाडीची किल्ली त्यात ठेवायची, म्हणजे जाताना तो चालू करायची आठवण राहते.

वहिनीनं नवऱ्याला बोळात गाठलं. तो शर्टाच्या बाह्या दुमडत उभा होता.

"आत्या म्हणताहेत, आज त्या खरं सांगणार."

"कसलं खरं?"

"ते मला काय माहीत? तुला माहीत आहे का?"

तो भिंतीवरच्या घड्याळजीकडे बघत राहिला. "लहान असताना एकदा जेवताना त्यांनी आजीचा विषय काढला होता. 'तिला काही वाराबिरा बाधत नव्हता,' एवढंच म्हणाल्या. अण्णांनी ताट सारलं. पुढे कितीतरी दिवस ते धड जेवले नाहीत, बोलले नाहीत. मग आम्ही कुणी तो विषय काढला नाही."

"आणि तू कधी विचारलंही नाहीस?"

"घरात शांतता होती ना. कशाला विचारू?" त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, आज काही वाकडंतिकडं नको. संग्रहालयवाले हे घर सांभाळायला घेताहेत. अण्णांच्या मागे हे रंग कोण राखणार, तू की मी? उद्या दारावरच्या पाटीचा मजकूर ठरायचाय. 'पत्नीसाठी रंगवलेलं जग.' अण्णांना दाखवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले."

"आत्यांना दाखवला होतास?"

"काल. काही बोलल्या नाहीत."

वहिनीला तेव्हा कुठे उलगडा झाला.

ती धाकटीकडे गेली. धाकटी समुद्राच्या खोलीच्या दारात नखं कुरतडत उभी होती.

"आत्यांना आज जरा बरं वाटत नाहीये," वहिनी म्हणाली. "त्यांचं उद्यावर ढकललं तर?"

"वहिनी, उद्या दिवे परत द्यायचेत. शिवाय आत्ताच भेटल्या मला. ठणठणीत आहेत." धाकटीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुला का घाम फुटलाय?"

"पंखे बंद आहेत," वहिनी म्हणाली.

खोलीत अण्णा शिडीच्या खालच्या पायरीवर उभे राहून लाटांच्या कडेचा पांढरा रंग उजळत होते. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या भिंती. आता हात थरथरायचा, पण कुंचला भिंतीला टेकला की थरथर थांबायची. कॅमेरामन दिव्याचं तोंड इकडे वळव, तिकडे वळव करत होता.

"अण्णा, एक विचारू का?" तो म्हणाला. "या घरात मला कुठेच नैसर्गिक उजेड मिळत नाही. रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या बुजवून त्यावर खिडक्याच रंगवल्यात. असं का?"

"उन्हानं रंग उडतो," अण्णा सहज म्हणाले.

"पण जिन्यावरच्या झरोक्यातून बागेवर ऊन येतं की. तिथला रंग तर टवटवीत आहे."

"तो मी दरवर्षी देतो."

"अच्छा," म्हणून कॅमेरामन पुन्हा दिव्याकडे वळला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण वहिनीच्या मनात ते रुतून बसलं. पाहुण्यांपैकीही एखाददोघांनी तिला हे विचारलं होतं आणि तिनं हेच उत्तर दिलं होतं, उन्हानं रंग उडतो. जो रंग दरवर्षी द्यायचाच आहे तो उडाला काय आणि राहिला काय, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आधी अण्णांना बसवलं. ते छान बोलले. नेहमीच छान बोलत.

"माझी आई नाजूक होती. भर बाजारात एकदा भोवळ येऊन पडली, तेव्हापासून तिला बाहेरचा वारा सोसेना. त्यानंतर ती कुठे गेली नाही. बाबा लोकांसाठी राजवाडे नि अरण्यं रंगवायचे. त्यांनी विचार केला, हिला जगाकडे नेता येत नाही, तर जगच हिच्याकडे आणावं. समुद्र सगळ्यात शेवटी केला. खाली वाळू पसरली होती, खरी वाळू. आई तिच्यावरून अनवाणी चालायची आणि हसायची. मी पाहिलंय."

ध्वनीवाल्या बाईनं कानावरचे हेडफोन नीट केले आणि पटकन डोळे टिपले. वहिनीचा नवरा दारात समाधानानं उभा होता. मग अण्णा उठून बाजूच्या स्टुलावर बसले आणि आत्या खुर्चीत आल्या. अण्णांपेक्षा त्या काही वर्षांनी मोठ्या. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि सबंध आयुष्य याच घरात, वरच्या मजल्यावरच्या पांढऱ्या खोलीत काढलं. वहिनी ठरल्याप्रमाणे समोर बसली. तिनं हात मांडीखाली दाबून धरले होते.

"आत्या," धाकटीनं विचारलं, "आजोबांनी ही खोली आजीला पहिल्यांदा दाखवली, तो दिवस आठवतो?"

"आठवतो. आई रडली."

"आनंदानं?"

"नाही."

धाकटी पुढच्या प्रश्नाकडे जाणार होती, ती थांबली.

"आईला समुद्र पाहायचा होता," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फोनवर नंबर सांगावा तसा स्वच्छ होता. "बाबांजवळ तिनं तसं मागितलं. समुद्र इथून लांब नाही. सकाळच्या बसनं निघालं तर जेवायच्या वेळेला माणूस पाण्यात उभं असतं. बाबा नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणायचे नाहीत. म्हणाले, जरा थांब. आणि ही खोली आतून बंद केली. आई दाराबाहेर उभी राहून विचारायची, कधी जायचं? बाबा आतून म्हणायचे, झालंच. तिला वाटत होतं, जायची तयारी चाललीय. दार उघडलं त्या दिवशी ती बाहेरचे कपडे घालून उभी होती. पायात चपला. माझी पिशवीसुद्धा भरली होती तिनं."

ध्वनीवाल्या बाईनं हेडफोन कानांशी दाबून धरले.

"आधीही असंच झालेलं. बहिणीकडे जाऊन येते म्हणाली, तर स्टेशन रंगवलं. बाजार मी करत जाईन म्हणाली, तर बोळात दुकानं आली. आईनं काही मागितलं की आमच्याकडे भिंत रंगायची. लोक मला विचारतात, तुमचीच खोली कोरी कशी, रंग संपला का? रंग नव्हता संपला. या समुद्रानंतर आईनं मागणंच सोडलं."

"दाराला... कुलूप असायचं?" धाकटीचा आवाज बारीक झाला होता.

"कुलूप असतं तर शेजारीपाजारी तरी काही बोलले असते. बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं, हिला वारा बाधतो. एकदा ती कोपऱ्यापर्यंत गेली, तर दुकानदारानंच हाताला धरून परत आणून सोडली. त्याला वाटलं उपकार केले. मग तिलाही वाटायला लागलं, असेल आपल्याला काही." आत्यांनी मान वळवून भावाकडे पाहिलं. "ती बाजारात पडली ना, तेव्हा तू पोटात होतास. भोवळ त्याची होती. दुसरं काही नव्हतं तिला."

"कट," धाकटी म्हणाली. कॅमेरामननं तिच्याकडे पाहिलं. "बंद करा. दिवा पण."

दिवा विझला तसा समुद्र काळपट झाला.

"बंद केलास," आत्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "बाबांनीही असंच केलं असतं. काही न बोलता."

कॅमेरामन आणि ध्वनीवाली बाई काही न सांगताच बाहेर गेले. दार लागल्याबरोबर नवरा बहिणीला म्हणाला, "ते पुसून टाक. आत्ताच्या आत्ता."

"पुसायचं काय कारण? मी ते वापरणारच नाहीये."

वहिनीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. तिची खात्री होती की भाऊ एका बाजूला आणि बहीण दुसऱ्या बाजूला होणार. आणि हिनं तर सगळ्यात आधी पाठ फिरवली.

"वापरणार नाहीस?" ती म्हणाली. "दुसऱ्यांच्या घरात जाऊन तू नेमकं हेच शोधत असतेस ना?"

"दुसऱ्यांच्या," धाकटी म्हणाली. "वहिनी, मी लहानपणी या खोलीत झोपून आजोबा-आजीची गोष्ट ऐकली. मला कुणी आवडलं की मी त्याला आधी ही खोली दाखवायचे. म्हणायचे, असं प्रेम करता येईल का? आता मी काय दाखवू? आणि अण्णांकडे बघ तरी."

अण्णा स्टुलावर तसेच बसून होते. हातातला कुंचला त्यांनी अजून ठेवला नव्हता.

"मी म्हणत नाही की सिनेमात घाल," आत्या म्हणाल्या. "तुझा सिनेमा तू जाण. पण दारावर ती पाटी लावू नका. मला रोज तिच्याखालून जावं लागेल."

"आत्या, संग्रहालयवाल्यांना मी आता काय सांगू?" नवरा म्हणाला. "इतक्या वर्षांनी हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? आजी गेली, आजोबा गेले. घर तेवढं उरलंय, तेही घालवायचं?"

"घर कोण घालवतंय?" वहिनी म्हणाली. "भिंती आहेत तिथेच आहेत. आत्यांचं बोलणंही राहू दे."

"तू यात पडू नकोस. हे आमच्या घरातलं आहे."

ती उठून उभी राहिली. आता मागे सरणं तिला जमेना. "तुमच्या घरातलं? मग दर रविवारी ते लोकांना सांगायला मला का उभी केलीत? तुमच्या आजीला वारा सोसत नव्हता, हे माझ्या तोंडून अर्ध्या गावानं ऐकलंय. मी पाठ केलं, तसं सांगितलं. आत्या वरच्या खोलीत बसून ते ऐकत असायच्या, आणि तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत."

लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला इतकं एका दमात कधी बोलली नव्हती.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "ती हसायची."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"इथे, वाळूत. मला स्पष्ट आठवतंय. ती हसायची, ताई."

"हसायची," आत्या म्हणाल्या. "तू लोळायचास वाळूत, नाकातोंडात भरून घ्यायचास. तुझ्याकडे बघून हसायची. ते खोटं नाही."

"मग मी जन्मभर जे राखत आलो..."

"तुझं ते तू मायेनं केलंस. मी तुला कधी अडवलं का?"

अण्णा उठले. शिडीला, मग चौकटीला धरत ते बाहेर गेले आणि स्टेशनच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्यामागे जायचं धैर्य कुणाला झालं नाही.

आणि दाराची घंटा वाजली.

त्या दिवशी रविवार होता, हे या गडबडीत सगळेच विसरले होते. दुपारचे पाहुणे आले होते. वहिनी लोकांना घर दाखवते तेही टिपायचं धाकटीनं ठरवलं होतं, म्हणून कुणाला येऊ नका असं कळवलेलं नव्हतं. कॅमेरामननं दार थोडंसं उघडून विचारलं, "काय करायचं?"

नवरा वहिनीच्या जवळ आला. "नेहमीचं सांग. आजच्या दिवस. मग बसून ठरवू."

"हो वहिनी," धाकटी म्हणाली. "नेहमीचंच."

आत्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

पाहुणे मोजकेच होते. एक वयस्कर जोडपं, दोघी मैत्रिणी, आणि एक चष्मेवाली बाई, ती एकटीच आली होती. वहिनीनं त्यांना बोळातून नेलं. दुकानांबद्दल ती बोलली, रंग कसे कालवले ते बोलली, दिव्यांच्या खांबांच्या सावल्या कशा एकाच दिशेला पडतात ते बोलली. जिथे आजीचं नाव घ्यायचं तिथे ती वाक्य गिळून पुढे सरकली. धाकटी स्वतः कॅमेरा खांद्यावर घेऊन मागून येत होती. स्टेशनच्या बाकावर अण्णा खाली मान घालून बसले होते. पाहुण्यांनी त्यांना नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही.

मग समुद्राची खोली. दिवा पुन्हा लावला होता. मैत्रिणी छताकडे बघून थक्क झाल्या. वयस्कर गृहस्थांनी पायातल्या चपला दाराबाहेर काढल्या, जणू खरंच वाळू होती.

"हा समुद्र," वहिनी म्हणाली, आणि तिला पुढचं काही सुचेना. नवरा दारातून तिच्याकडे डोळे लावून होता. "या घरात एक बाई राहत होत्या. त्यांना समुद्र पाहायचा होता."

ती तिथेच थांबली.

"किती हौस नवऱ्याला," वयस्कर बाई आपल्या यजमानांना म्हणाल्या. "बघा, शिका काही."

चष्मेवाली बाई लाटांच्या अगदी जवळ जाऊन पाहत होती. ती मागे वळली. "मग खरा समुद्र पाहिला का त्यांनी नंतर कधी?"

हा प्रश्न वहिनीला नवा नव्हता. त्याचं एक तयार उत्तर होतं, अण्णांनीच शिकवलेलं: त्यांना हाच पुरला. लोक त्यावर हळवे होऊन हसत. तिनं तोंड उघडलं, पण ते शब्द काही केल्या बाहेर येईनात. मैत्रिणी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णा दारात उभे होते. मुलानं वाट द्यायला अंग चोरलं. ते आत आले, आणि पाहुणे आपसूक बाजूला झाले, कारण म्हातारा माणूस भिंतीचा आधार न घेता चालू पाहत होता.

"ती माझी आई," ते म्हणाले. "ती समुद्रावर कधी गेली नाही."

एवढं बोलून त्यांनी बहिणीकडे पाहिलं. आत्या खुर्चीत ताठ बसून होत्या, नजर समोर, हात मांडीवर. त्या ना त्यांना अडवत होत्या, ना मदत करत होत्या.

अण्णांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"गेली नाही असं नव्हे," ते म्हणाले. "तिला नेलं नाही."

चष्मेवाल्या बाईला यात काय आहे ते उमजलं नसावं, पण तिनं आवाज खाली आणला. "लांब होता का फार?"

"छे. सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला."

धाकटीच्या खांद्यावरचा कॅमेरा हलला. वहिनीला वाटलं, आता ही पुन्हा बंद करणार. धाकटीनं गालावरून मनगट फिरवलं, कॅमेरा सावरला आणि वडिलांच्या दिशेनं एक पाऊल पुढे टाकलं.

"पुढे, अण्णा?" ती म्हणाली.

वहिनीनं स्टूल ओढून आणलं, अण्णांना बहिणीशेजारी बसवलं, आणि ते सांगू लागले.